चौकटीबाहेरची वेठ

एकतंत्री राजवटीखालील सामान्यांचे दैनंदिन जीवन जाणण्यास हौशी लोकांनी काढलेले घरगुती चित्रपट हेच सर्वांत निर्मळ साधन होय, असे मत अलीकडे मोठ्या उत्साहाने प्रतिपादिले जाते. सरकारी प्रचारपट खोटे बोलतात; घरच्या कॅमेऱ्यास खोटे बोलण्याचे कारणच काय, असा हा युक्तिवाद. आम्हांस तो मान्य नाही.

एव्हा ब्राउनने हिटलरच्या डोंगरावरील निवासस्थानी घेतलेल्या १६ मिलिमीटरच्या फिती पाहा. सज्जात पाहुणे बसले आहेत, मुले बागडत आहेत, यजमान कुत्र्यास गोंजारीत आहेत. दृश्ये खरी, पण केवळ त्यांवरून त्या राजवटीची परीक्षा करणारा पुरता फसेल.

आता घराजवळ या. जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान. लगतचे मोखाडे ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात. अंमल दोन, पण या जंगलपट्टीतील वारल्याच्या मानेवरचे जू एकच : कर्ज आणि वेठ. लग्नासाठी उचललेल्या पैशापायी नवराबायकोने सावकाराकडे वर्षानुवर्षे राबावे, यास 'लग्नगडी' म्हणत. १६ मिलिमीटरचा हौशी कॅमेरा १९२३ साली बाजारात आला खरा. परंतु तो घ्यावा कोणी? १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील वारली ज्यासाठी झगडले, ती मागणी पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये, एवढीच होती!

तेव्हा असा कॅमेरा या डोंगरांत आलाच असेल, तर तो राजाचा, अंमलदाराचा किंवा त्यांच्या पाहुण्याचा. त्यांत शिकारीचा हाका दिसेल. हाकेकऱ्यास मजुरी मिळाली की नाही, हे दिसणार नाही. तारप्याचा नाच दिसेल. दुसऱ्या दिवशीची रिकामी चूल दिसणार नाही.

ती चूल आपणांस कळली, ती गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या पुस्तकातून. कोणी म्हणेल, तेही एका पक्षाचेच लेखन. असेलही, परंतु त्या पाड्यांत जाऊन राहिल्या, आणि ज्याच्यावर बेतली त्यालाच त्यांनी बोलते केले. कॅमेरा पाहतो, तो विचारीत नाही.

फिती जाळा, असे आम्ही म्हणत नाही. त्या जरूर जपाव्या. पण प्रत्येक फितीस प्रथम विचारावे : कॅमेरा कोणाच्या हाती होता, आणि त्याची पेटी घाट चढून कोणी वाहिली? १९४५ साली जी पोरे होती, ती आज ऐंशीच्या पुढे गेली आहेत. फिती पेटीत आणखी काही वर्षे टिकतील; ही माणसे थांबणार नाहीत. संशोधकांनी आधी त्यांच्या ओटीवर जाऊन बसावे.