जेझुइटांपासून घ्यावे ते काय?

बालाघाटावरील येडशीचा एखादा पालक शहरातल्या पाद्र्यांच्या शाळेचे नाव काढतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा टाय, बूट व अस्खलित इंग्रजी एवढेच असते. पुण्याच्या लष्करात 1867 साली निघालेली सेंट व्हिन्सेंट ही मुलांची शाळा एवढ्या भांडवलावर उभी राहिली नाही. तिच्या पाठीशी 1599 साली सिद्ध झालेली जेझुइटांची शिक्षणपद्धती होती, आणि द्रव्य व संसार यांचा त्याग करून आलेले पाद्री होते. धर्ममताचा वाद येथे नको. त्या त्यागाचे मोल लोकमान्यांच्या पिढीने पुरते ओळखले होते. 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्यांपुढे हाच कित्ता होता, व आजीव सभासदाने बाहेरची कमाई करावी की नाही, या वादात टिळकांनी 1890 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. (वकिली सांभाळून लेखणी चालविणाऱ्या आम्हांस हा वाद अंमळ बोचतो, हे कबूल केलेच पाहिजे!) तेव्हा येडशीच्या पालकांनी शाळेच्या पुढील सभेत गणवेशाच्या रंगाची चर्चा क्षणभर बाजूला ठेवून, आपल्या मुलांचे गुरुजी गावात किती वर्षे टिकतात, एवढे एकच विचारावे.