मिरासदार आणि उपरी

धनाढ्य मनुष्य मोटारीसाठी जो जादा पैसा ओततो तो वेगापायी ओततो, असा एक सार्वत्रिक समज आहे. परंतु मोटारींच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासाकडे जरा निवांतपणे पाहिले, तर ज्या वस्तूची त्याने सर्वांत भारी किंमत मोजली ती वस्तू शांतता ही होय. पेट्रोलच्या इंजिनात दर मिनिटाला हजारो स्फोट होत असतात, आणि त्या स्फोटांचा आवाज, हिसका व थरथर मागच्या गादीवर बसलेल्या धन्यापर्यंत पोहोचू न देणे यातच थोर मोटारघराण्यांचे खरे कसब होते. ताशी साठ मैलांच्या वेगातही गाडीत कानावर पडणारा सर्वांत मोठा आवाज तिच्यातल्या विजेच्या घड्याळाचा असतो, असे जगाला ऐकवणारी 'रोल्स-रॉइस'ची 1958 सालची सुप्रसिद्ध जाहिरात त्याच कसबाची ग्वाही देत होती. गंमत अशी, की त्या पेढीचे एक संस्थापक चार्ल्स रोल्स यांनी 1900 सालीच, म्हणजे हेन्री रॉइस यांची गाठ पडण्याच्या चार वर्षे आधी, विजेच्या गाडीच्या निःशब्दतेची आणि स्वच्छतेची तारीफ करून ठेवली होती. अडचण काय ती वाटेत वीज भरून घेण्याची सोय नाही एवढीच, असे त्यांचे म्हणणे होते.

विजेच्या मोटरीत स्फोटच होत नसल्यामुळे, जी निःशब्दता साधण्यासाठी स्टुटगार्ट आणि म्युनिकच्या कारागिरांनी पिढ्या खर्ची घातल्या, ती काल उभ्या राहिलेल्या कारखानदाराच्या पदरात पहिल्याच दिवशी आयती पडली. पेशवाईतल्या गावगाड्यात वंशपरंपरेने जमिनीचा हक्क सांगणारा मिरासदार आणि कौलावर जमीन कसणारा उपरी असे दोन वर्ग असत. आलिशान मोटारींच्या गावात मर्सिडीज, बी.एम.डब्ल्यू., पोर्शे हे मिरासदार, आणि टेस्ला, लुसिड, शाओमी हे उपरी. मात्र यांतल्या पहिल्या उपऱ्याला गावात पाय रोवायला हात कोणी दिला, हे पाहू गेल्यास मोठी मौज आहे. 2009 साली टेस्लाचा प्राण कंठाशी आला असताना मर्सिडीजच्या मालक कंपनीने, म्हणजे डाइम्लरने, 5 कोटी डॉलर देऊन तिचा सुमारे दहावा हिस्सा घेतला, आणि त्या आधारावर तगलेल्या टेस्लाने 2012 साली 'मॉडेल एस' रस्त्यावर आणून अमेरिकेतले मर्सिडीजचेच गिऱ्हाईक फोडण्यास आरंभ केला. त्या गाडीतली स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी आणि काचा वर-खाली करण्याची बटणे मर्सिडीजच्याच सामानातली होती. तेव्हा त्या दांडीला हात घालणाऱ्या मर्सिडीजच्या जुन्या गिऱ्हाइकाला परक्या घरी आल्यासारखे वाटण्याचे कारणच नव्हते. डाइम्लरने 2014 साली तो हिस्सा सुमारे 78 कोटी डॉलरांना विकला. खातेवहीच्या दृष्टीने सौदा उत्तम झाला. पण आपण नफा विकला की मक्तेदारी विकली, याचा उलगडा स्टुटगार्टच्या दप्तरात त्या वेळी कोणाला झाला असेलसे वाटत नाही.

मिरासदारांनी पुढे जो प्रतिकार केला, त्यात मर्सिडीजने 2021 साली आणलेल्या विजेवरच्या 'ई.क्यू.एस.'ची कथा मला सर्वांत बोधक वाटते. वाऱ्याला होणारा अडथळा कमीत कमी राहावा म्हणून तिला नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत आकार देण्यात आला, आणि तिचा वायुरोध गुणांक 0.20 इतका खाली आणण्यात आला. बॉनेट मालकाने उघडूच नये अशी तजवीज करून काच धुण्याचे पाणी भरायला डाव्या बाजूस एक झडप तेवढी ठेवण्यात आली. आणि पुढच्या दोन्ही आसनांसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेचा एकसंध पडदा बसवण्यात आला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे सारे अचूक होते. परंतु मर्सिडीजची 'एस-क्लास' घेणारा माणूस गुणांक विकत घेत नाही. तो लांब बॉनेट, त्याच्या टोकावरचा उभा तारा, आणि दारात गाडी थांबताच हॉटेलच्या दरवानाने सावरून उभे राहणे, हे विकत घेतो. नव्या गाडीत या खाणाखुणा पुसट झाल्या, शिवाय बॅटरीमुळे मागे बसणाराचे गुडघे थोडे वर आले, आणि मिरासदाराने आपल्या हाताने आपली मिरास झाकली. बी.एम.डब्ल्यू.ने हा मोह टाळला. तिची विजेवरची 'आय-7' ही 'सेव्हन सीरीज'चेच शरीर घेऊन, डिंगोल्फिंगच्या त्याच कारखान्यात पेट्रोलच्या गाड्यांच्या रांगेतून बाहेर पडते, आणि तिच्या पोटात काय आहे हे शेजाऱ्याला सांगावे लागते. मला यात अधिक शहाणपण दिसते.

शांततेचेही काही उपद्रव असतात. पुण्यातील माझ्या एका उद्योजक स्नेह्यांनी अशीच एक विजेची गाडी घेतली, आणि तिच्या चालकाला मी सहज विचारले, की नव्या गाडीत फरक काय जाणवतो? तो गंभीरपणे म्हणाला, "पूर्वी साहेब मागं फोनवर काय बोलायचे ते कानावर यायचं नाही. आता सगळं येतं. म्हणून साहेब हल्ली घाट लागेपर्यंत फोनच घेत नाहीत."

चीनमध्ये मात्र मिरासदार-उपऱ्यांचा हा सामना लौकिकाच्या पलीकडे गेला आहे. 2021 साली पोर्शेची विजेवरची 'टायकॅन' जगात 41 हजारांवर खपली आणि खुद्द 'नाइन-इलेव्हन'लाही मागे टाकून गेली. 2024 साली तोच खप 21 हजारांच्या आत उतरला. त्याच वर्षी मार्चमध्ये शाओमी या मोबाइल विकणाऱ्या कंपनीने आपली 'एस.यू.-7' बाजारात आणली. तिचा तोंडावळा टायकॅनशी इतका जुळतो, की पाहणाऱ्याने संकोचावे. आणि किंमत टायकॅनच्या तिथल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तिथल्या तरुण श्रीमंताला शंभर वर्षांच्या वंशावळीचे अप्रूप नाही. फोन, घर आणि गाडी एकमेकांशी बोलतात की नाही, एवढेच तो पाहतो. पोर्शेच्या चीनमधील विक्रीने 2021 साली 95 हजारांचा आकडा ओलांडला होता, तो तीन वर्षांत 57 हजारांच्या खाली आला.

आपल्याकडे निवाडा अजून जकातीच्या नाक्यावरच होतो. टेस्लाने 15 जुलै 2025 रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात दालन उघडले, तेव्हा अमेरिकेत साधारण 45 हजार डॉलरांना मिळणारी 'मॉडेल वाय' इथे 60 लाखांच्या घरात गेली, कारण तयार गाडीवरील आयातशुल्क 70 टक्क्यांपासून 110 टक्क्यांपर्यंत आहे. 4,150 कोटी रुपये गुंतवून इथे कारखाना काढणाराला ठरावीक गाड्या 15 टक्के शुल्कावर आणण्याची मुभा देणारी योजना केंद्र सरकारने 2024 साली जाहीर केली होती. टेस्लाने त्या वाटेला न जाता तयार गाड्या आणून विकणेच पसंत केले. उलट मर्सिडीजने 2022 साली चाकणला 'ई.क्यू.एस.'ची जुळणी सुरू केली, आणि आयात केलेली ए.एम.जी. आवृत्ती 2 कोटी 45 लाखांना असताना चाकणची गाडी 1 कोटी 55 लाखांना दिली. म्हणजे इथे स्वस्ताई मिरासदाराच्या हाती आणि नाक्यावर अडलेला तो उपरी. राज्य सरकारने मार्च 2025 मध्ये 30 लाखांवरील विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला आणि त्याच महिन्यात मागेही घेतला. अटल सेतूवर या गाड्यांना पथकर माफ आहे. दीड कोटीच्या गाडीतून जाणाऱ्या कारखानदाराला अडीचशे रुपयांची सूट आणि हप्त्यावर घेतलेल्या जुन्या पेट्रोलगाडीतल्या शिक्षकाकडून मात्र पुरी वसुली, हा न्याय माझ्या तरी पचनी पडत नाही. पण धोरण म्हटले की असे विनोद व्हायचेच.

मर्सिडीजला मात्र 'ई.क्यू.एस.'च्या वेळची आपली चूक उमगलेली दिसते. सप्टेंबर 2025 मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात तिने विजेवरची 'जी.एल.सी.' मांडली. इंजिनच नसल्यामुळे जिला पूर्वीएवढ्या मोठ्या जाळीची गरज उरली नाही, त्या गाडीच्या तोंडावर तिने आपली जुनी भव्य चौकोनी जाळी पुन्हा बसवली, आणि रात्रीही ती कोणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून तिच्यात 942 प्रकाशबिंदू लावले. हवा आत घेण्यासाठी त्यांचा काडीमात्र उपयोग नाही; गिऱ्हाईक आत आणण्यासाठी होईल, असा मर्सिडीजचा होरा आहे, आणि या खेपेस तो मला बरोबर वाटतो.