शोभेची बैलगाडी की खुरप्याची मूठ?

वैराग भागात रब्बीची तयारी चालू आहे, पण आज ज्वारीवर नाही, लाकडावर लिहितोय.

सुतारकामाचा मला नाद आहे. वाकस, दोन पटाश्या, रंधा, करवत एवढंच सामान. असा छंद असलेली पोरं हल्ली बरीच दिसतात. बॅटरीवरचं ड्रिल, कटर घेतात, शोभेच्या बैलगाड्या करतात. काम सुबक असतं, नाव ठेवायला जागा नाही. पण हात एवढा बसलाय तर आधी घरातल्या बाईच्या खुरप्याला नीट मूठ करा. दुकानातली मूठ सगळ्यांना एकाच मापाची. ती बारीक पडली की दिवसभर बोटं आवळून धरावी लागतात, संध्याकाळी पंजा उघडत नाही.

बलुतेदारांत सुतार पहिल्या ओळीतला. शेतकऱ्यानं लाकूड द्यायचं, त्यानं वर्षभर औजारं नीट ठेवायची, सुगीला धान्य न्यायचं. (त्यात जातीचं ओझं होतं, ते परत नको.) पण पेरणीआधी सुतारमेटावर गर्दी व्हायची, तिथं खरा अभ्यास चालायचा. जमीन भारी का माळाची, बैल उंच का बुटके, ते बघून तिफण भरली जायची. आज आपण रब्बी ज्वारीला दोन ओळींत ४५ सेंमी म्हणतो. लाकडी दिंडाला एकदा भोकं पडली की अंतर कायमचं, म्हणून आधी बोलणं व्हायचं. आता पेरणीयंत्राचे बोल्ट ढिले केले की अंतर बदलतं, तरी किती जण बदलून घेतात? ट्रॅक्टर आला, पेरून गेला.

औजाराला लाकूड बाभळीचंच. गाभा तांबूस, टणक. बाहेरचा पांढरा भाग भुंगा पोखरतो. जुनी माणसं ओंडका पाण्यात मुरवून मग सावलीत वाळवायची. पाण्यात लाकडातला पिष्ट अंश निघून जातो, भुंग्याला खायला उरत नाही. ओल्या लाकडाचा दांडा घाईनं बसवला तर उन्हाळ्यात आकसतो, आणि कुऱ्हाडीचं पातं सुटून कुणाच्या पायावर जाईल सांगता येत नाही. पाण्यात बुडवून घट्ट करणं म्हणजे चार दिवसांची सोय.

पण बांधावर बाभूळ राहिली कुठं? बांधच कोरले. कृषी खात्यातल्या मित्रांनो, तिची सावली पिकाला नडते हे मान्य. पण ती मुळांवरच्या गाठींत नत्र धरते, शेंगा शेळ्यांना होतात. दोन-चार झाडं तरी ठेवा म्हणून सांगत चला.

तोवर मी वेड्या बाभळीच्या मुठी करतोय. ती वाकडीतिकडी, सरळ तुकडा जेमतेम वीतभर निघतो. खुरप्याला तेवढा बास होतो. कुणाला मूठ हवी असेल तर जिच्या हातात खुरपं जाणार आहे तिचा पंजा कागदावर आखून आणा. स्वतःचा नको.