पहिला धडा हाताचा

दोस्तांनो, रस्त्यावरून घरी आणलेला कुत्रा हाक मारली की येतच नाही, उलट पलंगाखाली जाऊन बसतो, अशी तक्रार तुमच्यापैकी पुष्कळ जण करतात. 'आमचा मोती ढ आहे हो!' असं कुणी म्हणालं की मला आमची ठमी आठवते.

ठमी आली तेव्हा दीड-दोन वर्षांची असावी. पहिल्याच दिवशी मी कुरवाळायला हात वर केला, तर बाईसाहेब जमिनीला चिकटल्या, शेपूट पोटाखाली! केरसुणी उचलली तरी तेच. हात वर झाला की मार बसतो, हा एकच धडा तिला पक्का पाठ होता.

म्हणून आधी शिकवणी बंद! (रेबीजची लस मात्र लगेच टोचून घेतली. ती चुकवायची नाही.) रोज मी तोंड दुसरीकडे करून जमिनीवर बसायचो, उघड्या तळहातावर पोळीचा तुकडा ठेवून. आठव्या दिवशी तिनं तो उचलला. आईशप्पत, दहावीच्या निकालालाही एवढा आनंद झाला नव्हता!

मग 'बस'. तुकडा नाकासमोर धरायचा आणि हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. मान वर जाते, बूड आपोआप खाली येतं. टेकलं रे टेकलं की 'शाब्बास' आणि तुकडा, त्याच क्षणी! उशीर केलात तर तोवर स्वारी उठून कान खाजवत असते, मग बक्षीस कान खाजवण्याचं ठरतं. पाठ दाबून बसवायचं नाही. एका वेळी पाच मिनिटं पुरे. आणि घरात सगळ्यांचा शब्द एकच हवा. आमच्याकडे आजी 'खाली बैस' म्हणायची, दादा 'सिट', ठमी बिचारी दोघांकडे बघत उभी!

'ये' सगळ्यांत अवघड. त्यात मीच घोळ घातला. एकदा ती फाटकातून पळाली, बऱ्याच हाका मारल्यावर परत आली आणि मी तिला खूप रागावलो. तिच्या हिशेबी ओरडा मिळाला तो परत येण्याबद्दल. पुढे कित्येक दिवस 'ये' म्हटलं की ती लांबूनच बघायची. लांब दोरी बांधून, तुकडे देत, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

परवा फाटक उघडं राहिलं. ठमी मांजरामागे रस्त्याच्या कडेपर्यंत गेली, समोरून रिक्षा येत होती. मी ओरडलो, "ठमे, ये!" ती थबकली, वळली आणि धावत आली. घाईघाईनं मी तिचा पट्टा धरायला हात पुढे केला. या वेळी ती दबली नाही. हात हुंगून तुकडा शोधत राहिली.