खिशातला चौकोनी कागद

पावसाळ्यात बिंदुसरेचा तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की बीडजवळच्या पालीत गर्दी उसळते. बीडची तरणी पोरं मोटारसायकलींवर तिघं-तिघं बसून येतात. सोलापूर-धुळे महामार्गावरून चाललेली कुटुंबं कडेला गाडी लावतात. मक्याची कणसं भाजणाऱ्यांचा चार पैशांचा धंदा होतो. पाण्याकडे पाठ करून फोटो निघतात आणि अर्ध्या तासात मंडळी पुढे सरकतात. यात वाईट काही नाही. दुष्काळी म्हणून शिक्का बसलेल्या जिल्ह्यात भरलेलं पाणी बघायला कुणी येत असेल तर खुशाल यावं. फक्त एक गोष्ट खटकत राहते. इतक्या लांबून आलेल्या माणसाच्या हातांना मोबाइल धरण्यापलीकडे काही काम नसतं. डोळे भरतात, पोट भरतं, हात मात्र उपाशी परत जातात.

अनिल अवचटांचं तसं नव्हतं. ते कुठेही गेले तरी हातांचं काम बरोबर घेऊन जात. दाढी, झब्बा, खांद्याला पिशवी आणि पिशवीत कागद. समोर लहान मूल दिसलं की बोलता बोलता घडी पडायची आणि मुलाच्या हातात पक्षी किंवा प्राणी यायचा. मग त्या मुलाची आई बोलायला लागायची, मागून बापही. मोठमोठ्या मुलाखतकारांना जे प्रश्नांनी साधत नाही ते या माणसाला चतकोर कागदानं साधायचं.

अवचटांचा जन्म २६ ऑगस्ट १९४४ चा, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचा. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून ते डॉक्टर झाले, पण नाडीपेक्षा माणूसच त्यांना जास्त ओढत गेला. साठच्या दशकात बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा ते तिकडे गेले, आणि त्यातून १९६९ साली ‘पूर्णिया’ हे पहिलं पुस्तक आलं. पुढे निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बाया, ओझी वाहणारे हमाल, वाघ्या-मुरळी, विणकर असे एकेक विषय त्यांनी धरले. टेबलाशी बसून लिहिण्याचे हे विषयच नव्हते. एसटी पकडायची, गाव गाठायचं, तिथल्या कार्यकर्त्या मित्राच्या घरी मुक्काम टाकायचा, त्याच्यासोबत वस्तीत हिंडायचं आणि परत येऊन लिहायचं, अशी ती रीत. त्यामुळे त्यांच्या लेखनात प्रवास आणि मैत्री वेगळी काढताच येत नाही. मित्र होते म्हणून गाव दिसलं, आणि गाव दिसलं म्हणून आणखी मित्र झाले.

तिसरी गोष्ट छंदांची. कागदाच्या घड्या, लाकूड कोरणं, बासरी, चित्रं, फोटोग्राफी, स्वयंपाक, वर जादूचे प्रयोग. एका माणसानं इतकं सगळं करायचं म्हणजे बाकीच्यांना जरा अपराधीच वाटतं. पण ‘छंदांविषयी’ हे त्यांचं पुस्तक वाचताना दडपण येत नाही, कारण त्यात उस्तादीचा आव नाही. बासरी त्यांनी पोटासाठी वाजवली नाही आणि लाकूड बाजारासाठी कोरलं नाही. जमतं तितकं करायचं, त्यात रमायचं. आपल्याकडे पोरगं जरा बरं गायला लागलं की घरचे लगेच परीक्षा आणि स्पर्धा शोधतात. छंदाचा जीव तिथेच निम्मा जातो.

त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या. गर्दच्या व्यसनावर अवचटांनी लिहिलेलं वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले आणि ऑगस्ट १९८६ मध्ये येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. दारू किंवा गर्द सुटलेल्या माणसापुढे पहिला पेच असतो तो रिकाम्या संध्याकाळींचा. इतकी वर्षं ज्या वेळेला हात बाटलीकडे जायचा, त्या वेळेला आता तो कुठे न्यायचा? छंद म्हणजे सुखवस्तू माणसाची करमणूक, असं समजणाऱ्यानं या प्रश्नाचं उत्तर द्यावं. २७ जानेवारी २०२२ ला अवचट गेले तेव्हा त्यांच्या लेखनाइतक्याच त्यांच्या कागदी पक्ष्यांच्या आठवणी निघाल्या.

कागदाची घडी हा प्रवासासाठी मुद्दाम घडवल्यासारखा छंद आहे. त्याला वीज लागत नाही, टेबल लागत नाही, शाई सांडत नाही आणि शेजारच्या प्रवाशाला त्रास होत नाही. कागद तेवढा चौकोनी हवा, म्हणजे चारी बाजू सारख्या. वहीचं पान लांबोडकं असतं. त्याचा एक कोपरा समोरच्या कडेवर आणून तिरपी घडी घालायची आणि उरलेली पट्टी नखानं दाबून जिभेच्या टोकानं किंचित ओली करून फाडायची, म्हणजे कात्रीवाचून चौकोन मिळतो. पत्रिका, हँडबिल, मिठाईच्या डब्यातला कागद, काहीही चालतं. एसटीच्या यंत्रातून निघणारं हल्लीचं तिकीट मात्र फसवं. त्यावर उष्णतेनं छपाई होते, त्यामुळे नख जोरात ओढलं की घर्षणानं काळी रेघ उमटते. चार घड्या पडेपर्यंत पक्षी काळ्या शिरांचा होतो. एखाद्या पोराला तोच जास्त आवडतो, हे वेगळं. पूर्वीची पंच मारलेली रंगीत तिकिटं जास्त चांगली होती, पण ती इतकी चिमुकली की मोठ्या माणसाच्या बोटांना होडीसुद्धा जमायची नाही.

या कलेला आज जी जगभर एक भाषा आहे, तिच्यात मोठा वाटा जपानच्या अकिरा योशिझावा यांचा. तरुणपणी ते कारखान्यात नोकरीला होते आणि कामगारांना भूमिती समजावताना कागदाच्या घड्या वापरत. पुढे घडीसाठीच नोकरी सोडली, दारोदार खाण्याचे पदार्थ विकून दिवस काढले. घडी आत जाते की बाहेर येते हे दाखवणाऱ्या रेघा आणि बाण त्यांनी १९५०च्या दशकात आपल्या पुस्तकांतून रूढ केले. त्यामुळे जपानी न येणारा माणूसही जपानी पुस्तक उघडून कागद दुमडू शकतो. कागद किंचित ओला करून त्याला गोलाई देण्याची रीतही त्यांचीच. ते ९४ व्या वाढदिवशी, १४ मार्च २००५ ला गेले.

अवचट जातील तिथे कागदी पक्षी देत गेले. त्यांच्या आधीच्या पिढीतले एक पुणेकर मागत गेले. दिनकर गंगाधर केळकर हे कवी, टोपणनाव ‘अज्ञातवासी’, घरचं दुकान चष्म्याचं. या माणसाला जुन्या वस्तूंचं वेड लागलं. वस्तू म्हणजे राजवाड्यातली सोन्याची सिंहासनं नव्हेत. दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, कुलपं, वाद्यं, दाराच्या चौकटी, म्हणजे माणसांच्या हाताळण्यानं गुळगुळीत झालेल्या वस्तू. त्यासाठी ते देशभर हिंडले. कुणाच्या माजघरात, कुणाच्या अडगळीत डोकावले. कोथरूडचा मस्तानी महाल त्यांनी आणून आपल्या संग्रहालयात उभा केला. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहालयाला दिलं आणि १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज पुण्यात शुक्रवार पेठेत जाऊन वीसेक हजार वस्तूंपैकी जेवढ्या मांडल्या आहेत तेवढ्या बघता येतात. आपल्या आजीचा अडकित्ता मोडीत कितीला गेला होता, याचा हिशेब तिथे मनात सुरू होतो आणि माणूस ओशाळतो.

पाहुणा म्हणून जाण्याच्या या दोन तऱ्हा. पालीच्या बाजूनं, म्हणजे यजमानाच्या बाजूनं बघितलं तर काय दिसतं?

इथे मित्राला बोलवायचं ते हुरड्याला. रब्बीची ज्वारी दाण्यात दुधाळ, हिरवी, कोवळी असते ते डिसेंबर-जानेवारीचे दिवस. नेहमीची मालदांडी त्याला चालत नाही असं नाही, पण सुरती किंवा गूळभेंडी असेल तर यजमानाची मान ताठ असते. शेतात वीतभर खड्डा काढून गोवऱ्या पेटवायच्या, ती आगटी. जाळ बसला आणि आर धरला की कणसं त्यात खुपसायची. वाफ सुटली की काढायची आणि लगेच दोन्ही तळव्यांत चोळायची. लगेच, हे महत्त्वाचं, कारण गार झालेलं कणीस दाणा सोडत नाही. शहरातला पाहुणा इथे सापडतो. तो ‘हा हा’ करत कणीस या हातातून त्या हातात टाकतो आणि शेतकऱ्याची म्हातारी तोवर तीन कणसं चोळून, फुंकर मारून भुसकट उडवून त्याच्यापुढे हिरवागार ढीग लावते. “चोळा की पाव्हणं, नुसतं खाता का?” असं तीच म्हणते. सोबत गूळ, दही, शेंगदाण्याची नाहीतर कारळ्याची चटणी. तास-दोन तास माणसं आगटीभोवती बसतात, सगळ्यांचे हात चालू आणि त्या चालत्या हातांमुळे तोंडंही सुटतात. पैसे मोजून मिळणाऱ्या हुरडा पार्टीत दाणे बशीत चोळून मिळतात. खाणं तेच, पण पाहुण्याला करायला काही उरत नाही आणि मग तो गाण्यांचा आवाज वाढवायला सांगतो.

तरीही या जिल्ह्यात फिरणं आणि छंद यांबद्दल लिहिताना पेन जरा अडखळतं. दसरा-दिवाळीनंतर इथून लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडांवर जातात. त्यांचा प्रवास आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी असतो आणि मुक्काम कोपीत. त्यांना कुणी छंद विचारत नाही. पण त्याच घरांतल्या बायका उन्हाळ्यात गावी परतल्या की दुपारी ओसरीवर जुन्या लुगड्यांचे थर अंथरून वाकळ शिवायला बसतात. कडेनं धावदोरा सुरू करून एकात एक चौकोन टाकत मध्यापर्यंत यायचं. माहेराला आलेली लेक एका बाजूनं बसते, शेजारीण दुसऱ्या बाजूनं, आणि चार कोपऱ्यांवर चार बायकांचं बोलणं एकाच वेळी चालतं. कुठला तुकडा कुणाच्या लग्नातला हे त्यांना पाठ असतं. लाल काठाचा तुकडा नेमका मध्ये यावा म्हणून एखादी अर्धा दिवस उसवते नि शिवते. नुसती गरज असती तर इतकं उसवलं नसतं. ती तर कुठल्याही तुकड्यानं भागली असती.

पालीत दत्ता आणि संध्या बारगजे यांची ‘इन्फंट इंडिया’ ही संस्था आहे, एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठीची. बारगजे पूर्वी भामरागडकडे सरकारी नोकरीत होते आणि हेमलकशाचं समाजसेवेचं काम त्यांनी जवळून पाहिलं. अशा कुठल्याही संस्थेला हल्ली पाहुण्यांची वाण नसते. वाढदिवस असला की माणसं केक घेऊन येतात, खाऊ वाटतात, मुलांना रांगेत उभं करून फोटो काढतात. भावना चांगलीच असते आणि मदतीचा पैसा तर लागतोच. पण केक दहा मिनिटांत संपतो. मुलांमध्ये बसून काही करून दाखवणारा, करायला शिकवणारा आणि आपलं चुकल्यावर त्यांच्याकडून हसून घेणारा पाहुणा विरळा. येणाऱ्यानं आधी संस्थेला विचारावं, वेळ ठरवावी, मोबाइल खिशात ठेवावा आणि रद्दीचा एक गठ्ठा सोबत आणावा. मुलं घडी लवकर उचलतात. मोठ्यांची बोटंच हट्टी असतात.

आणि दिवसभराचा वेळ हाती असेल तर पालीहून बीडकडे जाताना वाटेवर खजाना विहीर आहे. निजामशाहीत, मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानानं इ.स. १५८२ च्या सुमारास ती बांधली आणि काम राजा भास्कर या स्थापत्यकारानं केलं, असं सांगतात. सगळा खजिना हिच्यावर खर्च झाला म्हणून हे नाव पडलं, अशी आख्यायिका. विहिरीला तीन भुयारी मार्ग आहेत. दोहोंतून पाणी आत येतं आणि तिसऱ्यातून बाहेर पडून उताराच्या जोरावर, मोटेवाचून आणि पंपावाचून, शेतांपर्यंत जातं. कडक दुष्काळातही तिच्यात पाणी राहतं म्हणून बीडकरांना तिचा अभिमान. पण येणारा काठावरून वाकून बघतो, एक खडा टाकतो आणि जातो.

इथे करण्यासारखं काम पडून आहे. दोन मित्रांनी मीटर-टेप, आखीव वही आणि पेन्सिल घेऊन यावं. एकानं टेप धरावी, दुसऱ्यानं आकडे लिहावेत. विहिरीचा घेर, आतल्या सज्जाची रुंदी, पायऱ्यांची उंची, कमानींची मापं घेऊन स्वतःच्या हातानं नकाशा काढावा. भुयारात मात्र शिरू नये आणि पावसाळ्यात ओल्या पायऱ्यांवर उतरू नये. सकाळी लवकर यावं, कारण दहानंतर काठावरचा दगड तापतो आणि टेप धरणारा कुरकुरायला लागतो. जेवणाची सोय मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर होते. जानेवारीत आलात तर आगटीवर, पण कणसं ज्याची त्यानं चोळायची.