तेराच चित्रं

मंडळी, गेल्या दिवाळी अंकात याच पानावर 'एकदा चित्रांचं प्रदर्शन करायचंय' असं लिहिलं आणि फसले. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, "मग, कधी?" शेवटी आमच्या न्यू जर्सीतल्या गावच्या लायब्ररीत अर्ज केला. सहा चित्रांचे फोटो आणि चार ओळींचा परिचय, एवढंच मागितलं. नोव्हेंबर महिना मिळाला. मुंबईत जहांगीरच्या भिंतीसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात, त्या मानाने मी भाग्यवानच.

भिंत मोजली, ४२ फूट. माझी जलरंगातली चित्रं बहुतेक अर्ध्या शीटवर, १५ बाय २२ इंच. माउंट आणि फ्रेम धरून प्रत्येक चित्र २९ इंच रुंद, मध्ये ८ इंच मोकळे. हिशोब केला तर तेराच बसतात! मी चोवीस काढून ठेवली होती. लेकीने पुठ्ठ्याच्या पट्टीवर, फुटाला एक इंच या मापाने, इवले इवले कागद लावून दाखवले. मी म्हटलं, दोन ओळींत लावू. तर म्हणते, "आई, भांड्यांचं फडताळ दिसेल ते." चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर ठेवायचा, म्हणजे उभ्या माणसाला मान वाकडी करावी लागत नाही, हेही तिनेच सांगितलं.

निवडायला बसले तेव्हा लक्षात आलं, माझी चांगली चित्रं माझ्याकडे नाहीतच. वीस वर्षं मी ती वाटत आले. गृहप्रवेशाला एक, साठीशांतीला एक. वाईच्या घाटाचं चित्र मला हवंच होतं. ढोल्या गणपतीच्या देवळाशेजारी, बाबा शेजारी बसलेले असताना काढलेलं. नंतर वाईला गेले ती बाबा गेल्यावरच. ज्यांना दिलं होतं त्यांना फोन केला (नाव सांगणार नाही, अंक सगळेच वाचतात). पलीकडे जरा शांतता. मग ते बेसमेंटमध्ये, जुन्या ट्रेडमिलमागे सापडलं. ओल लागून कागद काचेला चिकटलेला. त्यांना तरी काय बोलू? तेव्हा चार पैसे वाचवायला मीच माउंट न लावता काच थेट कागदावर टेकवली होती. माउंटमुळे मध्ये हवा राहते, हे मला फार उशिरा कळलं. एका कोपऱ्यात सोडवायला गेले तर नदीचा निळा रंग काचेबरोबर निघू लागला. थांबले.

त्याच रात्री किमतींची यादी केली. आमचे अहो म्हणाले, "अगं, आपल्याच माणसांकडून पैसे घ्यायचे?"

"हो," म्हटलं, "घ्यायचे." फ्रेमचा खर्च आणि वर माझ्या कामाचे. सगळ्या चित्रांना एकच दर, ओळखीच्यांना सवलत नाही. पैसे मोजून घेतलेलं चित्र लोक निदान दिवाणखान्यात तरी लावतील, असा माझा अंदाज आहे. एकही विकलं गेलं नाही तर? हा विचार रोज पहाटे येतो, खोटं कशाला बोलू.

वाईचा घाट तेराव्या जागी लावणार आहे, काचेसकट. त्याच्यापुढे किंमत लिहिलेली नाही.

पहिल्या शनिवारी दुपारी दोनला या. चहा आणि चिवडा आहे. तेलकट काही आणू नका, लायब्ररीत चालत नाही.