दिल्लीची गाडी कुठवर?

पहाट पुरती उजाडलेली नसते. हरियाणातील पलवल स्थानकावर दिल्लीकडे जाणारी लोकल उभी असते. तिच्या खिडक्यांच्या गजांना दुधाचे डबे टांगलेले असतात. आत एका बाकावर गमछा अंथरून पत्त्यांचा डाव मांडला जातो. दारापाशी कारखान्यातला फिटर, कचेरीतला शिपाई आणि इस्पितळात सकाळच्या पाळीला निघालेली परिचारिका उभ्याने प्रवास करतात. अशा रोजच्या प्रवाशांना त्या भागात ‘डेली पॅसेंजर’ असेच नाव पडले आहे. सुमारे साठ किलोमीटरचे हे अंतर ते दिवसातून दोनदा कापतात. दिल्ली त्यांना काम देते, पण परवडेल असे घर देत नाही. गावात घर आहे, पण पुरेसे काम नाही. या दोहोंच्या मध्ये त्यांचे आयुष्य एका वेळापत्रकाला बांधलेले असते.

अशा रोजच्या जाण्यायेण्याच्या गाड्या राजधानीपासून किती दूरच्या जिल्ह्यांपर्यंत न्याव्यात, आणि त्यांचा भार कोणी उचलावा, हा वाद दिल्लीच्या परिसरात अनेक वर्षे चालत आला आहे. वाद समजून घ्यायचा तर १९८५ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी संसदेने राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळाचा कायदा केला. दिल्लीत येणारा माणसांचा लोंढा दिल्लीतच साचू नये, त्याला आजूबाजूच्या शहरांत सामावून घ्यावे, हा त्यामागचा विचार होता. पुढे या क्षेत्राचा विस्तार होत होत हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान यांचे अनेक जिल्हे त्यात आले आणि क्षेत्रफळ पंचावन्न हजार चौरस किलोमीटरांवर गेले. मेरठ त्यात आहे, अलवर आहे आणि पानिपतही आहे. पानिपत म्हटले की मराठी माणसाला १७६१ आठवते; दिल्लीच्या बाजारात मात्र ते घोंगड्यांचे आणि सतरंज्यांचे गाव म्हणून ओळखले जाते.

नकाशावर रेघ ओढणे सोपे असते. लोकांना दूर राहा असे सांगायचे, तर त्यांना जवळ आणणारे साधनही द्यावे लागते. आणि तेथे फार उशीर झाला. प्रादेशिक जलद रेल्वेसाठी केंद्र आणि चार राज्यांचे संयुक्त महामंडळ उभे राहिले ते २०१३ साली, म्हणजे कायद्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी. मेरठ, पानिपत आणि अलवर या तीन दिशांना प्राधान्य ठरले. त्यांपैकी दिल्ली-गाझियाबाद-मेरठ या सुमारे ८२ किलोमीटरच्या मार्गाची पायाभरणी मार्च २०१९ मध्ये झाली. त्याचा अंदाजित खर्च तीस हजार कोटींहून अधिक होता. २० ऑक्टोबर २०२३ रोजी साहिबाबाद ते दुहाई डेपो हा सतरा किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जानेवारी २०२५ रोजी गाडी दिल्लीच्या हद्दीत, न्यू अशोक नगरपर्यंत आली. ‘नमो भारत’ या नावाने धावणारी ही गाडी ताशी १६० किलोमीटरचा वेग गाठते.

मध्यंतरी जे घडले ते मात्र बोलके आहे. या ८२ किलोमीटरांपैकी जेमतेम चौदा किलोमीटर दिल्लीत पडतात, उरलेले सारे उत्तर प्रदेशात. तेव्हा दिल्लीकराच्या पैशातून मेरठच्या रहिवाशाची सोय का करावी, असा प्रश्न उभा राहणे स्वाभाविक होते. जुलै २०२३ मध्ये दिल्ली सरकारने आपल्या वाट्यासाठी निधी नसल्याचे सर्वोच्च न्यायालयात सांगितले. न्यायालयाने तीन वर्षांत जाहिरातींवर किती खर्च झाला याचा हिशोब मागितला. तो अकराशे कोटींच्या घरात निघाला. दोन महिन्यांत ४१५ कोटी देण्याचे फर्मान निघाले. तरीही पैसे न आल्याने नोव्हेंबरमध्ये जाहिरातींसाठी ठेवलेली रक्कमच रेल्वेकडे वळवण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. जाहिरातीला पैसा सापडतो आणि गाडीला सापडत नाही, यात नवल ते काय! कोणत्याही राज्यात, कोणत्याही पक्षाच्या राजवटीत हेच दृश्य कमीअधिक प्रमाणात दिसते.

तरीही दिल्लीकराचा मूळ प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. कर भरणाऱ्याला आपला पैसा कोठे जातो हे विचारण्याचा अधिकार आहे. पण त्याचे उत्तरही त्याच्या दारात उभे आहे. त्याच्या इमारतीचा पहारेकरी, त्याच्या दुकानातला मदतनीस, त्याच्या मुलाच्या वर्गावरची शिक्षिका यांतले कितीतरी जण वेशीबाहेरून येतात. गाडी नसली म्हणून ते यायचे थांबत नाहीत. ते मोटारसायकलवरून येतात, खच्चून भरलेल्या खासगी गाड्यांतून येतात, आणि त्या वाहनांचा धूर हिवाळ्यात दिल्लीकराच्याच छातीत उतरतो. हवेच्या प्रदूषणासंबंधीच्या खटल्यातच न्यायालयाने या रेल्वेच्या पैशाचा विचार करावा, हा काही योगायोग नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गाडी जिथे पोहोचते, तिथे जमिनीचा दलाल तिच्याआधी पोहोचतो. उसाच्या शेतात चुन्याच्या रेघा पडतात, भाव चढतात आणि गावचाच भूमिहीन माणूस गावाबाहेर ढकलला जातो. या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव कामी यावा. मुंबईची लोकल विरारपर्यंत धावत होती. एप्रिल २०१३ पासून ती डहाणू रोडपर्यंत, चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरपर्यंत नेण्यात आली. विरार-वसईच्या शेतांचे आणि वाड्यांचे काय झाले, हे सर्वांसमोर आहे. डहाणू हा चिकूच्या बागांचा आणि आदिवासी पाड्यांचा तालुका. मात्र केंद्र सरकारने १९९१ मध्येच तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करून तेथील उद्योगांवर आणि जमिनीच्या वापरावर निर्बंध घातले होते. म्हणजे कायदा आधी आला आणि लोकल मागून आली. तो कायदा पाळण्यासाठी तेथील लोकांना सतत जागे राहावे लागले, हे खरे; पण निदान दाद मागायला काही आधार तरी होता. मोदीनगर-मुरादनगरच्या शेतकऱ्याला असा कोणता आधार आहे, हे रेल्वेचे रूळ पडण्यापूर्वी विचारायला हवे होते. पानिपत आणि अलवरच्या दिशेने ते आधीच विचारले जावे.

आणि भाडे? या साऱ्या चर्चेत सर्वांत कमी बोलले जाते ते भाड्याविषयी. जानेवारी २०२५ मध्ये न्यू अशोक नगर ते मेरठ दक्षिण या प्रवासाचे साधे तिकीट १५० रुपये होते. जाऊनयेऊन तीनशे. महिन्याचे पंचवीस कामाचे दिवस धरले आणि प्रत्येक फेरीला पूर्ण तिकीट काढले, तर साडेसात हजार रुपये होतात. बारा-पंधरा हजार कमावणाऱ्या माणसाने त्यातून हे कसे द्यावे? पलवलच्या लोकलचा पास त्याला परवडतो, म्हणून तो लोंबकळत का होईना, येतो. गाडी वातानुकूलित आहे, वेळेवर धावते, स्त्रियांसाठी वेगळा डबा आहे. हे सारे कौतुकास्पदच आहे. परंतु ज्याच्या नावाने योजना मांडली, तो फलाटाबाहेरच राहिला, तर ती केवळ मोटारवाल्याची सोय ठरेल. जलद गाडी जरूर न्यावी, अलवरपर्यंत न्यावी; मात्र तिच्या तिकिटात मजुराला झेपेल असा मासिक पास हवा, आणि जलद गाडी आली म्हणून जुन्या लोकलच्या फेऱ्यांना कात्री लागता कामा नये. या दोन अटींवाचून विस्ताराला पाठिंबा देणे कठीण आहे.

रूळ टाकले की माणसे आपोआप येतात, हा समजही दिल्लीनेच खोटा ठरवला आहे. १९७५ साली शहराभोवती ३५ किलोमीटरची वर्तुळाकार रेल्वे सुरू झाली. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी तिच्या फेऱ्या वाढवण्यात आल्या. खेळ संपले आणि डबे ओस पडत गेले. स्थानके वस्तीच्या पाठीमागे, तेथे जाणाऱ्या वाटा अंधाऱ्या, बाहेर बस नाही. आजही अनेक दिल्लीकरांना आपल्या शहरात अशी गाडी आहे हे ठाऊक नसते. नव्या मार्गावरची काही स्थानके मेट्रोला आणि बसस्थानकाला जोडली आहेत, ही त्यातून घेतलेली समज म्हणायची. पण मेरठकडच्या बाजूला, गाडीतून उतरल्यावर गावापर्यंतच्या चार-पाच किलोमीटरांचे काय?

या चार-पाच किलोमीटरांवर पुष्कळ काही अवलंबून असते. मुरादनगरजवळच्या एखाद्या खेड्यातील मुलीला दिल्लीच्या महाविद्यालयात प्रवेश मिळतो, तेव्हा घरात गाडीच्या वेगाची चर्चा होत नाही. आई एवढेच विचारते, की संध्याकाळचा तास संपल्यावर कोणती गाडी मिळेल आणि स्थानकाबाहेर त्या वेळी रिक्षा असेल का. वडील भाड्याचा हिशोब करतात. मग दोघे मिळून ठरवतात, की मुलीचे नाव दिल्लीत घालायचे, की गावाजवळच्याच महाविद्यालयात.